रिसेप्शनच्या जेवणाला टेबलावर केळीच्या पानाची पंगत, मांडणी कशी करावी?

निवांत_दुपार

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय (सगळे असंच म्हणतात, माहितेय).

धाकट्या भावाचं लग्न फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. लग्न मुलीकडे कोल्हापूरला आणि रिसेप्शन आमच्याकडे पुण्यात, दोन दिवसांनी, संध्याकाळी. माणसं मोजून ९६, त्याच्या वर आईने एकही नाव वाढवू दिलेलं नाही कारण तिला सगळ्यांना बसवून जेवायला घालायचंय. बुफे नको हे पहिल्याच दिवशी जाहीर झालंय. तिचं म्हणणं असं की लग्नात ते लोक माझ्यासाठी विहिणीची पंगत करणार, चांदीचं ताट, महिरप, समया, गाणी, सगळं साग्रसंगीत, आणि तीच माणसं आपल्या दारात आली की त्यांनी हातात प्लेट घेऊन पनीरच्या लाइनीत उभं राहायचं का? मला पटलंच ते. म्हणजे उलटी विहिणीची पंगत म्हणा, आपण मुलीकडच्यांना वाढायचं.

आता गोची अशी की निम्म्या लोकांचे गुडघे खाली बसायला तयार नाहीत त्यामुळे टेबल-खुर्ची हवी. हॉलवाला पाच फुटी गोल टेबलं देतोय, वर पांढरं सॅटिन आणि खुर्च्यांना मागे बो. डेकोरेटरने फोटो दाखवले त्यात मध्ये कमरेएवढी काचेची फुलदाणी, तिच्याभोवती मेणबत्त्या, आरसा, मोत्यांच्या माळा, आणि हे सगळं झाल्यावर पान कुठे ठेवायचं हे मी विचारलं तर म्हणाला मॅडम ते केटररशी बोला. केटररला विचारलं तर म्हणाला ते डेकोरेटरशी बोला.

तर मला विचारायचंय की केळीच्या पानावरचं आपलं साधं जेवण (वरण-भात, मसालेभात, अळू, बटाट्याची भाजी, पुरी, जिलबी, मठ्ठा) ठेवूनही टेबल देखणं कसं दिसेल? गोल टेबल की लांब? फुलं कुठली? टेबलावर रांगोळी कोणी काढलीय का? काटे-चमचे ठेवायचे का? कोणी केलं असेल तर सांगा प्लीज, आणि फसलेलं असेल तर आधी सांगा.

सुगरण_नाही

आईंना माझा नमस्कार सांग. वाचतेय.

माजी_वाढपी

काकांचं केटरिंग होतं सांगलीला, शाळा-कॉलेजच्या सगळ्या सुट्ट्या मी बादली घेऊन पळण्यात घालवल्यात, त्यामुळे माझं उत्तर वाढप्याच्या बाजूचं आहे.

पहिलं म्हणजे गोल टेबल डोक्यातून काढा. पाच फुटी गोल टेबलाला ८ माणसं बसवली तर कडेने मोजून माणशी जवळजवळ दोन फूट येतात, ऐकायला बरं वाटतं. पण पान कडेवर लटकत नाही ना, ते एक फूट आत जातं, आणि आत जावं तसा गोल लहान होतो. एक फूट आत गेल्यावर माणशी जेमतेम १४ इंच उरतात आणि पान असतं १८ इंची. म्हणजे तुमच्या पानाचं टोक शेजारच्या काकांच्या पानावर, त्यांची चटणी कुठली आणि तुमचं लिंबू कुठलं ते कळायला मार्ग नाही. गोल टेबल गोल प्लेटसाठी केलंय, केळीचं पान आडवं असतं, त्याला लांब टेबलच लागतं.

दुसरं, वाढपी कुठून चालणार ते आधी ठरवा आणि मग फुलांबद्दल बोला. जमिनीवरच्या पंगतीत वाढपी समोरून येतो, म्हणून पान त्याला सरळ दिसतं, काय संपलंय ते दिसतं, जेवणाऱ्याला मान हलवून नको म्हणता येतं. टेबलावर दोन्ही बाजूंनी समोरासमोर माणसं बसवली की वाढपी पाठीमागून येतो आणि गरम वरणाचं ओगराळं काकूंच्या खांद्यावरून, पैठणीवरून जातं. मी स्वतः एकदा एका नवऱ्या मुलाच्या मावशीच्या पाठीवर अळू सांडलेलं आहे, त्या लग्नातला माझा पगार आजही बाकी आहे.

तेव्हा सहा फुटी लांब टेबलं घ्या आणि माणसं एकाच बाजूला बसवा. एका टेबलाला ३ माणसं, माणशी दोन फूट. चार टेबलं जोडली की १२ माणसांची रांग. अशा चार रांगा, दोन-दोन समोरासमोर तोंड करून आणि मध्ये वाढप्यांना पाच फूट वाट, म्हणजे ४८ माणसं एका वेळी. दोन पंगतींत ९६. एका रांगेला ३ वाढपी मागा, केटरर दोनच देतो म्हणेल, ऐकू नका, भात वाढून वरण येईपर्यंत भात गार झाला की सगळी शोभा गेली.

एकाच बाजूला बसवल्याचा आणखी फायदा म्हणजे टेबलाची पुढची कड रिकामी राहते. टेबल अडीच फूट रुंद असतं, पान एक फूट घेतं, वाटी-भांडं अर्धा फूट, म्हणजे पुढची जवळजवळ फूटभर पट्टी तुमच्या हौसेला मोकळी. काय सजवायचं ते तिथे सजवा.

तिरकस

सगळं छान पण दोन पंगती म्हणजे दुसऱ्या पंगतीतले ४८ जण पहिल्या पंगतीतल्या ४८ जणांच्या खुर्चीमागे हात ठेवून उभे राहणार आणि मठ्ठा कधी संपतोय ते बघणार. हा आपला राष्ट्रीय खेळ आहे. तुम्ही जिलबी परत मागितलीत तर मागून सुस्कारा ऐकू येतो. एलिगंट टेबल वगैरे सगळं त्या सुस्काऱ्यात वाहून जातं. हलकेच घ्या. पण विचार करा.

माजी_वाढपी

तिरकस यांना शंभर टक्के अनुमोदन. उपाय एकच, दुसऱ्या पंगतीला जेवणाची जागा दिसताच कामा नये. लॉन असेल तर स्टेज, फोटो, सरबत आणि गरम बटाटेवडे तिकडे ठेवा. हातात वडा असलेला माणूस खुर्चीमागे उभा राहत नाही. एका पंगतीला ४०-४५ मिनिटं धरा आणि मध्ये उचलाउचल करून नवीन पानं मांडायला १५-२०. मधल्या वेळेत दार बंद.

केशर_वेलची

आम्ही गेल्या वर्षी नाशिकला बहिणीच्या रिसेप्शनला केलं होतं, त्यामुळे फसलेलं आधी सांगते.

सॅटिन. नको म्हणजे नको. केळीच्या पानाची पाठ मुळातच गुळगुळीत आणि त्यात धुतलेलं, ओलसर, सॅटिनवर ते घसरगुंडीसारखं सरकतं. पुरीचा तुकडा मोडायला जोर लावला की पान आपलं निघालं पुढे. वर मधल्या जाड शिरेमुळे पान मध्ये उचललेलं राहतं आणि पातळ वरण उताराने सरळ मांडीवर. आमच्या एका आजोबांचं धोतर पिवळं झालं आणि ते शेवटपर्यंत म्हणत होते काही नाही काही नाही. मग समजलं की खाली साधं जाडसर सुती कापड हवं आणि पानं आदल्या रात्री नाही, त्याच दुपारी पाठीमागून मधली शीर सुरीने तासून सपाट करून घ्यायची. आणि दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसून मग कोरड्या फडक्याने. थोडी ऊब दाखवली की पान मऊ पडतं, मग चुरचुर फाटत नाही. हे केटररकडून लिहून घ्या, तोंडी हो म्हणतात.

फुलांचं म्हणाल तर तुमची तारीख व्हॅलेंटाईनच्या आठवड्यात येतेय, गुलाबाचं नाव काढू नका. आपल्या मावळातले चांगले गुलाब तेव्हा परदेशी निघालेले असतात आणि इथे उरलेल्यांचा भाव ऐकून हार्ट अटॅक येतो. मोगऱ्याचाही खरा मोसम उन्हाळ्यात. शेवंती घ्या, पांढरी आणि पिवळी, मार्केट यार्डात ढिगाने मिळते, दिवसभर टिकते, आणि मुख्य म्हणजे पानाजवळ ठेवली तरी वासाने जेवणावर कुरघोडी करत नाही. आम्ही निशिगंधाच्या लडी सोडल्या होत्या टेबलावर, दिसायला काय सुंदर, पण बंद हॉलात सगळ्या जेवणाला निशिगंधाचा वास, मसालेभात खाताना सत्यनारायणाला बसल्यासारखं वाटत होतं. निशिगंध दारात लावा, टेबलावर नको.

आणि टेबलावर उंच काही नको. समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे हे तर झालंच पण वाढप्याचा हात त्यावरून जायचा असतो. वीतभर उंचीच्या वर काही ठेवू नका. पितळेच्या वाडग्यात पाणी आणि त्यात शेवंती, बास.

आता छान जमलेलं एक सांगते. आम्ही खणाचे रनर केले. खणाचा पन्हा ३१-३२ इंच असतो, मधोमध उभा फाडला की १६ इंचाच्या दोन पट्ट्या, म्हणजे सहा फुटी टेबलाला दोन मीटरची एक पट्टी पुरते. फक्त लक्षात ठेवा, फाडल्यावर काठ एकाच बाजूला राहतो, तो काठ पुढे, वाढप्याच्या बाजूला खाली सोडायचा आणि फाडलेली बाजू दुमडून शिवून पानाकडे. गडद हिरवा किंवा जांभळा खण, वर पितळ, वर पिवळी शेवंती. फोटोत पैठणीपेक्षा भारी दिसलं आणि पैठणीवर वरण सांडायची भीती नाही.

हॉटेलवाली

मी हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली, बँक्वेटमध्ये नोकरी केलेली, आता घरी मुलं सांभाळते, तरी हात शिवशिवतात म्हणून लिहिते.

सुरी नको. काटा नको. हाताने खायचं जेवण आहे, उगाच तिथे सुरी मांडली की लोकांना वाटतं पुरी कापायचीय का. एक चमचा उजवीकडे आडोशाला ठेवा, अळूसाठी आणि लहान मुलांसाठी. पाण्याच्या भांड्याचा घोळ मात्र आधी मिटवा. साहेबी पद्धतीत ग्लास उजवीकडे वर असतो कारण तिथे दोन्ही हात स्वच्छ असतात. आपला उजवा हात वरण-भाताने माखलेला असतो, आपण डाव्या हाताने पाणी पितो, म्हणून मी भांडं डावीकडे ठेवायला सांगते. डावीकडे किंवा उजवीकडे, काय ते सगळ्या टेबलांवर एकच ठेवा नाहीतर रांगेत चौथ्या माणसाला कळत नाही आपलं भांडं कुठलं आणि शेवटच्याला भांडंच उरत नाही.

तांब्या-भांडं ठेवणार असाल तर तीन माणसांत एक तांब्या, पितळेचा चालेल. पण मठ्ठा पितळेत अजिबात नको, कल्हई नसेल तर कळकतो. मठ्ठ्याला स्टीलचा किंवा काचेचा छोटा ग्लास. आणि हॉलवाले त्या प्लास्टिकच्या छोट्या बाटल्या पानाशेजारी उभ्या करतील, त्यांना तसं करू देऊ नका, एका बाटलीने सगळ्या टेबलाचं लग्नघरातून रेल्वे कँटीन होतं.

टेबलक्लॉथचं माप देते. टेबल ६ फूट बाय अडीच फूट, उंची ३० इंच, तर जमिनीपर्यंत पडायला १३२ इंच बाय ९० इंच लागतो. तुम्ही एकाच बाजूला बसवताय म्हणजे समोरून सगळ्यांचे पाय, चपला, पर्सेस दिसणार, त्यामुळे समोरची बाजू झाकलेली हवीच. पण जमिनीला टेकवू नका, दोन इंच वर ठेवा, वाढप्याचा पाय अडकला तर बादलीसकट येईल. बसणाऱ्यांच्या बाजूला मात्र आखूड, नाहीतर कापड मांडीवर येतं.

दिवे पिवळे मागा, वॉर्म, २७०० ते ३००० केल्व्हिन असं डब्यावर लिहिलेलं असतं. पांढऱ्या ट्यूबमध्ये केळीचं पान निळसर आणि वरण आजारी दिसतं. खरंच बघा घरी.

जेवण झाल्यावर हात धुवायला ४८ माणसं एकाच बेसिनवर जातात तो सीन टाळायचा असेल तर कोमट पाणी आणि लिंबाची चकती घातलेले बोल फिरवा, सोबत सुती नॅपकिन. मात्र बोल फिरवताना "हे हात धुवायचंय" असं वाढप्याने म्हणायचं. मी डोळ्यांनी बघितलंय, एका आजोबांनी मीठ मागितलं होतं.

परदेशी_पाहुणी

न्यू जर्सीहून. आमच्याकडे पानं फ्रोजन मिळतात, घडी घातलेल्या पट्ट्या, त्यांना टोकच नसतं त्यामुळे टोक कुठल्या बाजूला हा वाद आपोआप मिटतो. दिराच्या रिसेप्शनला आम्ही ती वितळवून, पुसून, गोल कापून मोठ्या प्लेटांवर ठेवली होती, सरकायचा प्रश्न नाही, भारतातही करता येईल. समयांना मात्र हॉलने परवानगी दिली नाही, उघडी ज्योत चालणार नाही म्हणाले, बॅटरीवाल्या ठेवल्या. वाईट दिसल्या नाहीत खरंतर.

नागपुरी_तडका

पळसाच्या पत्रावळीचा विचार केला का? आमच्याकडे अजून करतात. दिसायला एक नंबर, फक्त पातळ वरण वाढलं की टाक्यांतून खाली, म्हणून सोबत दोन द्रोण पाहिजेतच. पुण्यातल्या लोकांना कितपत झेपेल माहीत नाही बा.

निवांत_दुपार

किती छान उत्तरं! माजी_वाढपी, तुमचं १४ इंचाचं गणित मी हॉलवाल्याला टेबलावर वर्तमानपत्राची पानं कापून ठेवून दाखवलं, तो गप्प झाला आणि लांब टेबलं काढून दिली, ३२ मिळणार होती पण आपल्याला १६ च पुरे आहेत.

आता एक नाजूक प्रश्न. आईला वाटतंय की विहीणबाई, व्याही, त्यांच्या सासूबाई आणि नवरा-नवरी अशा पाच जणांना चांदीची ताटं द्यावीत (आमच्याकडे आजीची पाच आहेत) आणि बाकीच्यांना पान. बाबांचं म्हणणं असं काही नको. दोन दिवस घरात यावरून अबोला आहे. काय करावं?

तिरकस

बाबांच्या बाजूने. याला शब्दच आहे ना आपल्याकडे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला एक आणि शेजाऱ्याला दुसरं. विहिणीची पंगत वेगळीच असायची, तिथे फक्त विहीण आणि तिच्या बाजूच्या बायका, म्हणून चांदी खपून जायची. इथे चांदीच्या ताटाला लागून केळीचं पान असणार आणि त्या पानावर तुमची सख्खी आत्या बसलेली असणार. आत्या काही बोलणार नाही. पुढची पंधरा वर्षं बोलेल.

माईआजी

निवांत बाळा, माझं वय ७४, टायपिंगला वेळ लागतो म्हणून उशिरा लिहिते.

तुझ्या आईची भावना खरी आहे आणि वडिलांचंही चूक नाही. पान सगळ्यांना सारखं घाल, पदार्थ सारखे, वाढणं सारखं. मान दाखवायचा तो पानाभोवती दाखव. त्या पाच पानांभोवती फुलांच्या पाकळ्यांची महिरप कर, बाकीच्यांपुढे साधी ओळ. चांदी काढायचीच तर ताटं नको, त्यांना पाणी प्यायला चांदीची फुलपात्रं दे आणि विडे चांदीच्या तबकातून सगळ्यांनाच दे. आमच्या लग्नात, १९७३ साली, पाटावर बसून पंगत झाली होती आणि माझ्या सासूबाईंपुढे दोन समया होत्या, तेवढ्याच, पण त्या गेल्या तोवर त्या समयांबद्दल बोलत होत्या.

टेबलावर समई ठेवू नकोस. पदर असतात, ओढण्या असतात, लहान मुलं असतात. रांगेच्या दोन टोकांना जमिनीवर ठेव, तिथे मोठी रांगोळीही काढ. रांगोळी टेबलावर काढायची नाही, शिरगोळ्याची भुकटी ती, पंख्याने उडून चटणीत जाईल.

पान मांडताना टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वर मधोमध मीठ. मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, अळूची वाटी. खाली समोर भाताची मूद. मूद वाटीने पाडायला सांग, ढेकळं नको. कोशिंबिरीत दही आणि मीठ अगदी शेवटी घालायला लावायचं, अर्धा तास आधी वाढून ठेवली की पाणी सुटतं आणि ते पाणी पापडाला गाठतं. मंडळी बसण्याआधी मीठ, लिंबू, चटणी, लोणचं एवढंच वाढलेलं असू दे, हिरव्या पानावर ते चार रंगच पुरेत, तुमच्या डेकोरेटरला तसे जमायचे नाहीत. पापड, कुरडई सगळ्यात शेवटी. आणि भातावर वरण, वरणावर तूप. तूप पडल्याशिवाय कोणी हात घालायचा नाही.

ते तूप केटररच्या माणसाकडून वाढवू नका गं. घरच्या कोणीतरी वाढावं. जिलबी नवरा-नवरीने वाढावी, सगळ्यांपुढून एक फेरी, म्हणजे प्रत्येकाशी दोन शब्द होतात, स्टेजवर रांग लावण्यापेक्षा बरं.

पानांशी नावाच्या चिठ्ठ्या ठेवणार आहात का? हल्ली बघते. ठेवल्यास तर सौ. आणि श्रीमती लिहू नकोस. नाव आणि नातं लिही, म्हणजे मंदाआत्या, नानाकाका. दोन चिठ्ठ्या शेजारी असतात, एकीवर सौ. असतं आणि दुसरीवर नसतं, ते वाचणाऱ्या बाईला बरोबर दिसतं. मला दिसलेलं आहे.

केशर_वेलची

माईआजी, चिठ्ठ्यांचं वाचून थांबलेच एकदम. आम्ही छापील सौ. लावले होते सगळीकडे.

हॉटेलवाली

माईआजींना साष्टांग. माझ्या तीन वर्षांच्या कोर्समध्ये हे काही नव्हतं.

गप्पिष्ट

अवांतर: आता एवढी खटपट कशाला, ते केळीच्या पानाचं चित्र छापलेले कागद मिळतात की रोलमध्ये. स्वस्त.

तिरकस

मग जिलबीचं पण चित्रच छापून घ्या, आणखी स्वस्त. आणि त्यातल्या बऱ्याच कागदांवर प्लास्टिकचा थर असतो, राज्यात २०१८ पासून प्लास्टिक-थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आहे, हॉलवाले खपवतात ते सोडा.

निवांत_दुपार

झालं एकदाचं! सगळ्यांना आधी थँक्यू आणि मग वृत्तांत, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत आणि मी गायब झाले असं नको.

चार रांगा, १२-१२ माणसं, सुती मोतिया रंगाचं कापड, त्यावर जांभळ्या खणाच्या पट्ट्या, १६ मीटर खण लागला, काठ पुढे सोडून. पितळेचे वाडगे नातेवाइकांकडून गोळा केले, चिंच-मीठ लावून मी आणि वहिनीने (हो, आता वहिनी!) नाही, वहिनी नव्हती तेव्हा, मी आणि चुलतबहिणीने घासले, हात अजून काळे आहेत. शेवंती पहाटे मार्केट यार्डातून. पानं मामाने स्वतः बसून तासली, केटररची माणसं त्याच्याकडे बघत उभी होती मग लाजेने तीही बसली.

दुसऱ्या पंगतीला लॉनवर बटाटेवडे. खुर्चीमागे फक्त एक माणूस आला, तो आमचाच एक काका, त्याला डायबिटीस आहे आणि वेळेवर जेवायला लागतं, त्याला आधीच पहिल्या पंगतीत घ्यायला हवं होतं, ती माझी चूक.

फसलेल्या गोष्टी दोन. महिरपीच्या पाकळ्या सुंदर दिसत होत्या, मी फोटो काढायला मागे सरकले आणि कोणीतरी एसी लावला. वरचा झोत नेमका मानाच्या पाच पानांवर. अर्धी महिरप व्याह्यांच्या चटणीत आणि एक पाकळी विहीणबाईंच्या चष्म्यावर. पळत जाऊन तो एसी बंद केला, मग पाकळ्यांऐवजी अख्खी फुलं मांडली, ती हलली नाहीत. हे कोणी करणार असेल तर सुरुवातीपासून अख्खी फुलंच घ्या. दुसरी म्हणजे बोल फिरवताना वाढपी काही न बोलता पुढे गेला आणि हॉटेलवाली, तुमची शपथ, आमच्याकडेही एकाने प्यायलाच, भावाचा ऑफिसमधला मित्र, इंजिनियर आहे.

चांदीची ताटं कपाटातच राहिली. फुलपात्रं काढली, आणि तबकातले विडे सगळ्यांना. आई सुरुवातीला जरा खट्टू होती. तूप ती स्वतः वाढत होती, पहिल्या रांगेपासून, पळीने, हळूहळू, आणि विहीणबाईंच्या पानापाशी आली तेव्हा त्या म्हणाल्या पुरे पुरे, आणि आई म्हणाली कोल्हापुरात मी पुरे म्हटलं तेव्हा तुम्ही ऐकलंत का? दोघी हसत बसल्या आणि मागची ३६ माणसं भातावर हात धरून तुपाची वाट बघत होती. दुसऱ्या पंगतीत भांडं विहीणबाईंनी घेतलं आणि आईला बसवलं, हे आमच्या प्लॅनमध्ये नव्हतं.

चिठ्ठ्या नाव-नात्याच्या केल्या. माझ्या धाकट्या आत्याने, काका दोन वर्षांपूर्वी गेले, तिची चिठ्ठी पर्समध्ये घालून नेली.

तर आता कामाचं. खणाचे १६ रनर होते, दोघांवर वरणाचे डाग पडलेत (धुऊन उन्हात टाकलेत, हळद बरीच फिकट झालीय), बाकी १४ स्वच्छ, इस्त्री करून ठेवलेत. पुण्यात कोणाकडे कार्य असेल तर घेऊन जा, फक्त परत करताना घडी न मोडता द्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.